ज्वारीच्या मुळांचं पाणी

आण्णा,

तुम्ही गेल्याचं मला धाराशिवला, दफ्तरात कळलं. बेंबळीहून आलेला माणूस टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "व्यंकटआण्णा गेले, सायेब. सकाळीच." मी उठलो, टोपी घातली, कागद आवरले, बसची वेळ विचारली. हे सगळं करताना माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. ज्याच्यासमोर उभं राहिलं की आपण उणे आहोत हे मला कळायचं, असा एकच माणूस या जिल्ह्यात होता, आणि तो आता नव्हता.

बसमध्ये बसल्यावर लाज वाटली. पण लाज नंतरची. तुमच्याशी मी इतकी वर्षं गोड बोललो, अदबीनं बोललो, खरं फार थोडं बोललो. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही, तेव्हा कुठं मला धीर आलाय. पंधरा दिवस झाले, लिहायला बसतो आणि उठतो.

मयताला किती माणसं होती, आण्णा! तुमची सगळी गल्ली होतीच, पण जळकोटकडून गाड्या जुंपून आलेले शेतकरी होते, ज्यांची नावं मला माहीत नाहीत असे म्हातारे काठी टेकत आले होते. तुम्ही पाटील नव्हता, पुढारी नव्हता, सरकारी शेतावरचा साधा कामदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी त्याच खात्यातला अधिकारी, आणि तुमची चिता पेटत असताना मी माणसं मोजत होतो. माझ्या वेळी एवढी येतील का, असं मनात धरून मोजत होतो. एवढ्यावरून समजा, माझं दुखणं किती जुनं आहे.

ते नेमकं कुठं सुरू झालं हे मला पक्कं आठवतं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आपल्या शेतावरच्या कपाटात निजामाच्या अमदानीतले उर्दू छापील कागद अजून पडून होते, आणि मी पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन आलो होतो. तुळजापूरच्या कारकुनाचा मुलगा, पायात बूट, खिशात भिंग. तुम्ही मजुरांकडून कामं करून घेणारे, माझ्या हाताखालचे, पण वयानं पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. शाळा चौथ्या जमातीपर्यंत झालेली, तीही उर्दूत. तुमच्या बंडीच्या खिशात एक वही असायची. तीत तुम्ही उजवीकडून डावीकडं बारीक अक्षरात काहीतरी लिहायचात. मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि माझ्या इंग्रजी टिपणांतलं तुम्हाला.

पहिल्याच श्रावणात गावातला एक शेतकरी आपल्याला त्याच्या रानात घेऊन गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. पानं सुकल्यासारखी, आणि जमिनीत तर चांगली ओल. मी दोन पानं तोडली, उलटीपालटी केली आणि म्हणालो, "नत्र कमी पडतंय. खत द्यायला हवं."

तुम्ही उकिडवे बसलात. खुरप्यानं ज्वारीचं एक ताट मातीच्या ढेकळासकट उपटलंत, बांधाच्या कडेला साचलेल्या पाण्यात हळूहळू हलवून माती सोडवलीत आणि ती मुळं तळहातावर पसरून माझ्यापुढं धरलीत. एका मुळाला तिळाएवढी पांढरी गाठ चिकटली होती. तिच्यातून एक फिकट कोंब निघाला होता.

"टारफुला हाय, सायेब. अजून वर आलेला न्हाय. वर यील तवा ह्याला पांढरी फुलं येत्यात, मग समद्यांना दिसतंय. पर तवर ह्यानं निम्मी ज्वारी खाल्लेली आसती."

टारफुला मला पुस्तकात माहीत होता. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारं तण. चित्रात होती ती त्याची फुलं. जमिनीखालचा टारफुला मी कधी पाहिला नव्हता. तो शेतकरी मघापर्यंत मला साहेब साहेब करत होता. आता तो तुमच्याकडं वळला आणि म्हणाला, "मग आता काय करावं, आण्णा?" त्याच्या त्या वळण्यानं जे सुरू झालं ते आजपर्यंत संपलेलं नाही.

मी ठरवलं, या टारफुल्यावरच काम करायचं. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की ज्वारीची मुळं जमिनीत काहीतरी सोडतात, पाण्यात विरघळणारं, डोळ्याला न दिसणारं. ते पोचल्याशिवाय टारफुल्याचं बी उगवतच नाही. तपकिरीसारखं बारीक बी, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ ज्वारीचं मूळ आलं की जागं होतं. हे आपल्या मातीत, आपल्या ज्वारीवर करून दाखवायचं असा माझा बेत होता. मी धुतलेल्या वाळूत ज्वारीची रोपं वाढवली, वरून पाणी सोडून खाली झिरपलेलं पाणी धरलं, आणि काचेच्या चपट्या बशांत ओल्या कागदावर टारफुल्याचं बी पसरून त्यावर ते थेंब टाकले. भिंगातून रोज पाहायचो. काही नाही. बी जसंच्या तसं. सबंध पावसाळा असा गेला. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच.

तुम्ही येता-जाता बघायचात. एकदा म्हणालात, "काय करायलाव, सायेब?" मी थोडक्यात सांगितलं, तुम्हाला कळणार नाही अशा बेतानं. तुम्ही ऐकून घेतलंत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिलात आणि विचारलंत, "बी कोरडंच टाकता का?"

"मग कसं टाकू?"

"न्हाय, आसंच इचारलं. रानात पाऊस पडल्या पडल्या कुठं लागतोय टारफुला? पंधरा रोज जमीन भिजत ऱ्हाती, मग लागतोय."

मी म्हणालो, "रानातलं वेगळं आणि प्रयोगशाळेतलं वेगळं." प्रयोगशाळा म्हणजे आपली ती पत्र्याची खोली. तुम्ही "व्हय, वेगळं आसंल की," म्हणून निघून गेलात.

तुम्हाला कधी कळलं नाही, त्या संध्याकाळी मी बशांत नवीन बी भिजत घालायला हात पुढं केला होता. मग मागं घेतला. तुम्ही सांगितलेलं करून जमलं, तर ते माझं राहिलं नसतं. अशा माणसाला काय म्हणावं? मला उत्तर हवं होतं, पण तुमच्याकडून नको होतं.

पुढं तीन-एक आठवड्यांनी तुम्ही घरून चहाची एक बशी घेऊन आलात. कासावहिनींची, निळ्या काठाची, वरून पळसाचं पान झाकलेली. दारात थांबून म्हणालात, "तुमच्या काचंतून जरा बघा की, सायेब. माझी नजर पोचना झालीय."

मी भिंग धरलं. बशीत ओल्या फडक्यावर टारफुल्याचं बी होतं आणि जवळजवळ प्रत्येक दाण्यातून एक पांढरा धागा निघाला होता, केसापेक्षा बारीक, पण स्वच्छ. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो, ते तिथं होतं. बी पंधरा दिवस ओल्या फडक्यात ठेवून, मग ज्वारीच्या मुळांचं ताजं पाणी घातलं होतं तुम्ही. वहिनींच्या चुलीपासून हातभर अंतरावर, जिथं ऊब राहते तिथं.

आणि मी काय म्हणालो? "बुरशी आलीय, आण्णा."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "बुरशी?"

"हो. पाणी शिळं झालं की येते."

"आसंल," तुम्ही म्हणालात. बशी उचललीत आणि बाहेर जाऊन पाणी ओतून दिलंत. मला खिडकीतून दिसत होतं. मी हाक मारू शकलो असतो. तेवढ्या वेळात किती हाका मारता आल्या असत्या, आण्णा.

दुसऱ्या कुणी तिथंच सोडून दिलं असतं. तुम्ही महिन्याभरात पुन्हा आलात, या वेळी एका पाटीत तीन बशा घेऊन. "एकीत नुसतं हिरीचं पाणी हाय. एकीत ज्वारीच्या मुळांचं. बुरशी आसंल तर तिन्हींत यील, न्हाय का?" हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? मला हे शिकायला पुण्यात चार वर्षं लागली होती.

विहिरीच्या पाण्यातलं बी झोपलेलं होतं. ज्वारीच्या पाण्यातल्या बियांना धागे फुटले होते. आता मला बुरशी म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "उगवलंय." तुम्ही लहान मुलासारखे हसलात.

"आन् तिसरी बशी?"

तिच्यातही धागे होते. मी विचारलं, "ही पण ज्वारीचीच ना?"

"न्हाय. कापसाच्या मुळांचं पाणी हाय ते. सहज घातलं. आमच्या वरच्या तुकड्यात कापूस झाला की पुढच्या वर्षी ज्वारीला टारफुला कमी लागतोय, आसं आमचा बाप बी म्हनायचा. म्हनून बघितलं."

आपण दोघंही त्या बशीवर वाकलेले होतो. मला आधी काहीच कळेना. कापसाला टारफुला कधी चिकटत नाही, मग त्याच्या पाण्यानं बी का उगवावं? तुम्ही मात्र टाचांवर बसलात आणि सावकाश बोललात, "म्हंजे कापूस बी त्याला उठवतोय. पर उठल्यावर त्याला चिकटाया जागा न्हाय. कापसाचं मूळ त्याला घेत न्हाय. मग ते मरतंय, सायेब. मातीतलं बी उगवून उगवून मरतंय!"

तेवढंच. दोन वर्षांची पुस्तकं, बशा, भिंग आणि माझी पदवी तुम्ही टाचांवर बसून एका दमात ओलांडून पुढं गेलात. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असेल. पण त्याहून मोठा होता तो जाळ. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? याच डोक्यात का आलं, ज्याला आपल्या डोक्यात काय आलं त्याची किंमतही कळत नाही? मी असं मानून चाललो होतो की तुम्हाला किंमत कळत नाही. त्या मानण्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

माघात मोठे साहेब पाहणीला आले. तुमच्या भाचीचं लग्न होतं, तुम्ही चार दिवसांची रजा घेऊन जळकोटला गेला होता. जाताना बशा ओल्या ठेवायला बजावून गेलात, "माझं सांगणं चुकलं आसंल तर माफ करा, पर फडकं सुकू देऊ नका." मी सुकू दिलं नाही. ते एक काम मी इमानानं केलं.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मला विचारलं, "हे बी आधी भिजवायचं कसं सुचलं?"

आण्णा, त्या वेळी खोलीत फक्त आम्ही दोघं होतो. बाहेर कुणीतरी कडबा रचत होतं, त्याची सळसळ ऐकू येत होती. मी म्हणालो, "रानात निरीक्षण केलं, सर. पाऊस पडल्यावर साधारण पंधरा दिवसांनी टारफुला लागतो, असं लक्षात आलं."

तुमचं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. मी फक्त त्याची भाषा शुद्ध केली.

"आणि कापूस?"

"या भागात जुनी समजूत आहे. ती तपासून पाहावी असं वाटलं."

तुमच्या वडिलांची समजूतही मी सोडली नाही.

तुम्ही परत आलात ते हातात लग्नातल्या बुंदीचा पुडा घेऊन. पहिला प्रश्न, "मोठ्या सायबांनी बघितलं? मानलं?"

"मानलं."

"कुणी केलं म्हून सांगितलं?"

"आपण केलं म्हणालो," मी सांगितलं.

'आपण' हा शब्द किती सोयीचा आहे. तुम्ही मान हलवलीत, पुडा माझ्या टेबलावर ठेवलात आणि फडकी बघायला गेलात. मी ती बुंदी घरी नेली. बायकोनं विचारलं, कुणाकडची? मी म्हणालो, आहेत एक. तुमचं नावही मला घरात घ्यावंसं वाटेना.

पुढच्या हंगामाआधी परिपत्रक आलं. मराठीत छापलेलं, गावोगाव चावडीवर लावायला. टारफुला लागणाऱ्या जमिनीत आधी कापूस घ्यावा, मग ज्वारी, आणि टारफुला फुलावर येण्याआधी उपटून जाळावा. खाली प्रयोग करणारा म्हणून एकच नाव होतं. बेंबळीच्या चावडीवर ते मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा तुम्ही तिथंच खांबाला टेकून बसला होता आणि मी खुर्चीवर. वाचणारा माझ्या नावापाशी आला. मी तुमच्याकडं पाहिलं नाही. बधिर झाल्यासारखा समोरच्या भिंतीकडं पाहत राहिलो. मग कुणीतरी विचारलं, "पर कापसानं काय हुतंय?" मी खुर्चीतच राहिलो. तुम्ही उठलात आणि सगळ्यांना समजावून सांगितलंत. बी कसं मातीत पडून असतं, मूळ पाण्यातून काय सोडतं, कापूस त्याला कसा फसवून उठवतो. माझ्या नावाखालचा कागद तुम्ही लोकांना समजावलात, आणि माझ्यापेक्षा शंभरपट चांगला समजावलात. त्या क्षणीसुद्धा मला अपराधी वाटण्याआधी तुमच्या बोलण्याचा हेवा वाटला.

मग मला बढती मिळाली. मी पुण्याला गेलो, मग परभणीला, मग धाराशिवला परत. तुम्ही तिथंच राहिलात. भेटायचो आपण, वर्षातून दोन-तीनदा. तुम्ही त्या गोष्टीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीत आणि माझी तर हिंमतच नव्हती. मला वाटायचं, याला काही वाटलेलंच नाही. हा साधू माणूस आहे. तुमच्या साधुपणाचाही मी हेवा केला. चोरी करणाऱ्याला निदान एवढं तरी हवं असतं की ज्याची वस्तू गेली त्यानं आरडाओरडा करावा.

येरमाळ्याच्या स्टँडवरची दुपार आठवते? येडेश्वरीची यात्रा नुकतीच संपली होती, नारळाच्या करवंट्या रस्त्यावर पडल्या होत्या, आणि आपल्याला धाराशिवची बस मिळत नव्हती. हॉटेलच्या बाकावर चहा पिता पिता तुम्ही मला विचारलंत, "एक गोष्ट मला अजून उमगली न्हाय. ज्वारी हे पानी सोडतीच कशापायी? आपल्या वैऱ्याला आपनच उठवायचं, ही कुठली रीत?"

मी म्हणालो, "सोडत नाही, आण्णा. गळतं. आपल्या अंगातून घाम येतो तसं. मुळांना त्याचा उपयोग नाही."

"उपयोग नसता तर एवढ्या पिढ्यांत ज्वारीनं ते सोडायचं बंद केलं नसतं?"

"झाडं अशी ठरवत नाहीत."

"ठरवीत नसतील. पर मला वाटतंय, ती हाक दुसऱ्या कुनाला आसंल. मातीत लई बारीक जीव हायत. त्यातल्या कुनाची तरी ज्वारीला गरज आसंल, त्याला ती बोलवीत आसंल. टारफुला मधीच कान देतोय."

मी हसलो. म्हणालो, "पुरावा काय?"

"पुरावा तुमी काढायचा. शिकलेलं तुमी."

बस आली आणि तो वाद तिथंच राहिला. पण मी तो विसरलो नाही. घरी जाऊन लिहून ठेवला. आजवर मी जे काही वाचलंय त्यात हा विचार मला कुठं सापडला नाही. खरा की खोटा, मला माहीत नाही. कदाचित माझ्यानंतर कुणीतरी शोधून काढेल. मला एवढंच कळतं की असा प्रश्न मला या जन्मात पडला नसता. या वेळी मी तो माझा म्हणून कुठं सांगितला नाही. प्रामाणिकपणा म्हणून नाही, सिद्ध करायची ताकद नव्हती म्हणून.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी एकदाच आलो. कावीळ अंगात मुरली होती, डोळे हळदीसारखे. तुम्ही ओट्यावर बाजेवर पडला होता. मी मनात सगळी वाक्यं जुळवून आलो होतो. पहिलं वाक्य होतं, 'आण्णा, ती बुरशी नव्हती.' पण मी बसलो आणि पावसाविषयी बोललो. तुम्ही औषधाविषयी बोललात. मध्येच तुम्ही म्हणालात, "मधूसायेब, काय तरी सांगायचंय का तुमाला?" मी म्हणालो, "नाही. सहज आलो." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. आता वाटतं, तुम्ही मला आणखी थोडा वेळ दिला होता.

तेराव्याला मी पुन्हा बेंबळीला आलो. जेवणं झाल्यावर चार माणसं बोलायला उभी राहिली. मलाही बोलायला सांगितलं, खात्याचा अधिकारी म्हणून. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बशा आण्णांच्या होत्या, कापसाचा उपाय आण्णांनी शोधला, कागदावरचं नाव खोटं आहे. मला वाटलं, आता लोक काहीतरी म्हणतील. शिव्या देतील, उठून जातील. मागं बसलेला एक म्हातारा सुपारी कातरत होता, तो म्हणाला, "आमाला काय ठावं न्हाय का, सायेब? कापसावर ज्वारी घ्यायची तिला इकडं समदे आण्णाची पेर म्हणत्यात. बसा आता."

बसलो. इतकी वर्षं ज्या श्रेयाचं ओझं वाहिलं ते माझ्याकडं कधी नव्हतंच. मला मिळाला होता तो एक छापील कागद. आणि खरं सांगू, तिथं बसल्या बसल्या सुटकेच्या आधी पुन्हा तेच आलं: आण्णाची पेर! माझ्या नावानं या जिल्ह्यात एक बांधसुद्धा ओळखला जात नाही.

माणसं पांगल्यावर मी वहिनींना भेटायला आत गेलो. त्या जात्याजवळ बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, आण्णांनी मला कधी दोष दिला नाही. एवढं मोठं मन मी पाहिलं नाही."

त्यांनी वर पाहिलं. "कुनी सांगितलं तुमाला?"

"म्हणजे?"

"लई जळलेत तुमच्यावर. तो कागद आला त्या दिवशी जेवले न्हाईत. चार म्हैने तुमचं नाव घरात घेऊ दिलं न्हाई. तुमी दिलेलं उपरणं चुलीत घालाया निघाले हुते, म्या हातातून काढून घेतलं."

मी उभा होतो तो खाली बसलो. "मग माझ्यासमोर कधी..."

"तुमच्यासमोर कसं बोलतील? तुमी सायेब. आन् दुसरं बी हुतं." वहिनींनी पदर सारखा केला. "तुमी पहिल्यांदा आलाव ना, तवापासूनच म्हनायचे, ह्या पोराला इंग्रजी येतंय, ह्याच्या हातात जगातली पुस्तकं हायत. मला चार अक्षरं आली असती तर म्या कुठल्या कुठं गेलो असतो. पुन्याहून तुमचं पुस्तकांचं पार्सल आलं की यांचं त्वांड उतरायचं. तुमी नसताना त्या खोलीत जाऊन पानं उलटायचे. चित्रं तेवढी बघायचे. घरी आल्यावर घटकाभर कुनाशी बोलायचे न्हाईत."

वहिनी उठल्या, पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "प्या. त्वांड कोरडं पडलंय तुमचं."

आण्णा, तुम्ही त्या खोलीत एकटे उभे राहून माझी पुस्तकं उलटत होता. आणि मी माझ्या घरी तुमच्या उर्दू वहीत काय असेल म्हणून तळमळत होतो. मला एका संध्याकाळी शेजारी बसवून घेतलं असतंत, तर मी तुम्हाला वाचून दाखवलं असतं. देवाशपथ दाखवलं असतं. की नसतं? मला आता माझीही खात्री देता येत नाही. पण वहिनींच्या पुढ्यात बसून मी रडलो, ते तुम्ही थोर होता म्हणून नाही. तुम्ही माझ्यासारखेच होता म्हणून रडलो. मोठा माणूस गमावल्याचं दुःख लांबून होतं. हे फार जवळचं होतं.

तुम्ही एकदा तरी तोंडावर म्हणायला हवं होतं, आण्णा. बशी माझ्या अंगावर फेकायची होतीत. आपण समोरासमोर बसलो असतो आणि उघड, पोटभर, एकमेकांवर जळलो असतो.